लाईनीतला फेज

ज्या गोष्टीवर मी आयुष्याची सव्वीस वर्षं घालवली ती डोळ्यांना दिसत नाही, आणि वणीत तिचं नाव घेतलं की लोक विजेची तक्रार सांगायला लागतात. तिचं नाव फेज. जिवाणूंना मारणारा विषाणू. माणसाला तो काही करत नाही, जनावराला नाही, झाडाला नाही. तो जिवाणूच्या अंगावर बसतो, आपला डीएनए आत सोडतो, आणि थोड्या वेळाने जिवाणू फुटून त्यातून शंभरेक नवे फेज बाहेर पडतात. इतकं साधं आहे. हे मी प्राचार्यांना, सासऱ्यांना आणि पंगतीत शेजारी बसलेल्या माणसांना सांगून पाहिलं आहे. सगळ्यांनी मान हलवली आणि एकालाही कळलं नाही.

आमचं घर यवतमाळचं, नोकरदारांचं. वडील कोषागारात होते, काका तहसिलीत, एक मामा जिल्हा परिषदेत. टेबलाच्या आतल्या बाजूला बसायचं आणि बाहेरच्या बाजूच्या माणसाला ‘उद्या या’ म्हणायचं, हे आमच्याकडे तीन पिढ्या चालत आलेलं शिक्षण. मला त्याची लहानपणापासून चीड होती. बारावीला गुण चांगले पडले तेव्हा घरच्यांनी मला डॉक्टर ठरवून टाकलं. मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा वडील आठ दिवस बोलले नाहीत. पुढे पीएच.डी. होऊन नावाआधी डॉक्टर लागलं, तेव्हा आत्याने मला गुडघा दाखवला. मी औषध देणारा डॉक्टर नाही म्हटल्यावर ती आईकडे वळून म्हणाली, “म्हंजे वाया गेला म्हन.” ती निदान तोंडावर बोलली. बाकीच्यांनी ते मनात ठेवलं.

पीएच.डी. मी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत केली. मूर्खपणा फक्त आमच्याच जिल्ह्यात पिकत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. ती क्लोनिंगची वर्षं होती. क्लोनिंग म्हटलं की लोकांना मेंढी आठवते. आमचं काम त्याहून फार रटाळ. एका जीवाचा डीएनए ठरावीक जागी कापायचा, हवा तो तुकडा उचलायचा, जिवाणूच्या आत वाढणाऱ्या एका गोल डीएनएत तो चिकटवायचा, आणि जिवाणू वाढले की त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती तयार. दहा वेळा केलं तर नऊ वेळा चिकटत नाही. दहाव्या वेळी चिकटलं की त्याचा फोटो काढून भिंतीवर लावायचा आणि एकमेकांचं इंग्रजीत अभिनंदन करायचं. माझे मार्गदर्शक त्या फोटोंवरून माणसाची किंमत करत. त्यांचं फेजवर प्रेम नव्हतं, जनुकावर नव्हतं. परदेशी नियतकालिकात आपलं नाव छापून येण्यावर होतं. मी तिथे फेजचं एक जनुक क्लोन केलं, जिवाणूची भिंत आतून फोडणाऱ्या प्रथिनाचं. निबंधात माझं नाव तिसरं आलं. दुसरं ज्याचं आलं त्याने त्या काळात लग्न केलं होतं, बाकी काही केलं नव्हतं.

मग तीन वर्षं परदेश. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की तिथले फ्रीझर उणे ऐंशीचे होते आणि वीज जात नसे. परत का आलात असं कोणी विचारलं तर मी आईच्या डोळ्यांचं सांगतो. तिचे डोळे खरंच अधू झाले होते. पण माझी तिथली मुदतही वाढवली गेली नव्हती, आणि हे मी घरात कोणालाच सांगितलं नाही. वणीच्या एका महाविद्यालयात जागा निघाली. आईकडे यवतमाळला जाऊन-येऊन करता येईल म्हणून ती घेतली, असं मी म्हणत असे. खरं म्हणजे दुसरी मिळत नव्हती.

वणी म्हणजे कोळसा. खाणींतून ट्रक निघतात, चंद्रपूरच्या रस्त्याला लागतात, आणि जाता जाता गावाला आपली धूळ वाटून जातात. प्रयोगशाळेची खिडकी उघडी राहिली तर दुपारपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येई. फेज शोधायची रीत अशी, की काचेच्या ताटलीत जिवाणू पसरायचे. दुसऱ्या दिवशी त्यांचा दुधाळ थर येतो. फेज असेल तर त्या थरात गोल, स्वच्छ भोकं पडतात. एक भोक म्हणजे एका फेजचं अख्खं घराणं. माझ्या ताटल्यांवर भोकांच्या जोडीला कोळशाचे काळे ठिपके असत आणि विद्यार्थी परीक्षेत तेही मोजत. बाहेरून आलेले परीक्षक त्यांना पूर्ण गुण देऊन जात, कारण परीक्षकांनाही फरक कळत नसे.

पण काम मला तिथेच सापडलं. कपाशीच्या पानांवर जिवाणूचा एक करपा पडतो. शिरांच्या मध्ये अडकलेले कोनाकोनाचे तेलकट ठिपके, पुढे ते काळे होतात, पान गळतं, बोंड सडतं. त्या जिवाणूला मारणारे फेज त्याच पानांवर असणार हे उघड होतं. कोणी शोधायला गेलं नव्हतं, कारण त्यात नाव नव्हतं. मी गेलो. दर पावसाळ्यात, आधी एसटीने आणि मग स्कूटरने, नेरच्या रस्त्यावरच्या शेतांत, झरी जामणीकडच्या जंगलालगतच्या वावरांत. पानं आणायची, कुटायची, गाळायची, ताटलीवर टाकायची. अकरा वर्षांत दोनशे सोळा वेगवेगळे फेज जमले. त्यातला एकशे एकवा असा निघाला, की कुंडीतल्या झाडांवर फवारला तर करपा थांबायचा. मी सात वेळा करून पाहिलं. सातही वेळा थांबला. माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही, स्वतःवर तर नाहीच.

हे सगळं एका फ्रीझरमध्ये होतं. उणे ऐंशीचा मागितला तेव्हा आमच्या संस्थेने ते हसण्यावारी नेलं. शेवटी बंद पडलेल्या एका आइसक्रीमच्या दुकानातला आडवा फ्रीझर मी स्वतः उचलून आणला. झाकणावर कुल्फी खाणाऱ्या गोबऱ्या मुलीचं चित्र होतं. तो उणे वीसपर्यंत जाई, तेही मर्जी असेल तर. दोनशे सोळा फेज, त्यांना वाढवायला लागणारे जिवाणू, एकशे एकव्याचं मी क्लोन केलेलं जनुक, सगळं त्या झाकणाखाली. एक जादा संच माझ्या जुन्या संस्थेत ठेवता आला असता. मी ठेवला नाही. तिथल्या लोकांना मी ओळखून होतो. सहा महिन्यांत त्यांनी एकशे एकव्याचं बारसं आपल्या नावाने केलं असतं.

त्यामुळे वीज हाच माझा खरा विषय होऊन बसला. उन्हाळ्यात भारनियमन आठ-आठ तासांचं. आत बर्फाच्या लाद्या भरून आणि वरून गोधड्या गुंडाळून मी ते निभावून नेत असे. गावातले एक मेकॅनिक, सगळे त्यांना चाचा म्हणत, महिन्यातून एकदा येऊन कंप्रेसरला कान लावून जात. आत काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. अख्ख्या वणीत मला आवडणारा तो एकच माणूस होता.

याच वर्षांत आमचा जिल्हा रोज पेपरात येऊ लागला. अळीने कपाशी पोखरली होती, भाव पडले होते, आणि ज्या घरांतली माणसं गेली त्या घरांसमोर पांढऱ्या गाड्या उभ्या राहत होत्या. त्या घरांबद्दल मी बोलणार नाही. तो माझा अधिकार नाही. गाड्यांबद्दल बोलतो. त्यांतून समित्या उतरत. सकाळी नागपूरहून निघायचं, एका गावात फोटो, दुसऱ्या गावात जेवण, चारला परत. त्यातली एक समिती वाट वाकडी करून आमच्या महाविद्यालयात आली, कारण जेवण आमच्या संस्थेच्या सचिवांकडे होतं. सचिवांची कापसाची जिनिंग होती, बी-बियाण्यांचं कृषी केंद्र होतं, आणि या दोन्हींना शोभा म्हणून त्यांनी महाविद्यालय ठेवलं होतं.

“यांचं कापसावर संशोधन हाय,” फ्रीझरवर हात ठेवून सचिव म्हणाले.

समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “याने बोंडअळी मरते का?”

“नाही. हे जिवाणूला मारतं. करप्याच्या.”

“पण मुख्य प्रश्न तर अळीचा आहे ना?”

“आहे.”

“मग?”

मला सांगता आलं असतं की ज्या बीटी कपाशीच्या नावाने तुम्ही सगळे एकमेकांना शिव्या देताय, तिच्यातलं जनुकही मातीतल्या एका जिवाणूतून असंच कापून, असंच चिकटवून आणलेलं आहे. सांगता आलं असतं की झाडाला एकच शत्रू नसतो. पण तोवर बाई पुढे गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबरचा एक जण कुल्फीवाल्या मुलीचा फोटो काढत होता. जाता जाता सचिव म्हणाले, “सर, तुमी बीटी तपासून देऊन राह्यले असं बोर्ड लावून टाका नं. गर्दी होईन.” मी नाक मुरडलं. त्यांना ते दिसलं नाही, किंवा दिसलं तरी चाललं.

आणि त्यात माझ्या विषयाचं नाव. आमच्याकडे फेज म्हणजे विजेचा. तीन तारांतली एक गेली की ‘फेज गेला’. पंपाला लागते ती ‘थ्री फेज’. मी फेजवर काम करतो हे ज्याला कळलं त्याने मला विजेवाला ठरवलं. यवतमाळच्या एका लग्नात शेजारचे गृहस्थ बुंदी वाढून घेता घेता म्हणाले, “तुमी फेजवाले सर नं? मंग मले सांगा, आमच्या इकडचा फेज जेवाच्या टायमालेच काहून जाते?” सुरुवातीला मी समजावून सांगत असे. मग सोडून दिलं. मग मला त्यात मजा वाटू लागली. शास्त्रज्ञांच्या परिषदांमध्ये चहाच्या वेळी मी हे किस्से सांगायचो, आवाज बदलून, मले-तुले करत, ‘काहून’ लांबवत. पुण्या-बंगळुरूची माणसं पोट धरून हसत. ती बोली माझ्या आईची होती. त्या हसण्यात माझाच आवाज सगळ्यांत मोठा असे.

मग एक चांगली गोष्ट घडली. एका कृषी शास्त्रज्ञाने माझा सात कुंड्यांचा निबंध वाचला आणि पत्र पाठवलं, की येत्या खरिपात आमच्या एक एकरावर एकशे एकवा फवारून पाहू, जूनअखेर बाटल्या घेऊन या. अकरा वर्षांत माझ्याकडे काहीतरी मागणारं ते पहिलं पत्र. मी ते चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. मला फक्त मे महिना पार पाडायचा होता. नेमकी मे महिन्यातच एका थंड हवेच्या ठिकाणी सोळा दिवसांची कार्यशाळा होती आणि मला शिकवायला बोलावलं होतं. न जाण्याइतका शहाणपणा माझ्यात नव्हता.

कार्यालयाला जनरेटर होता, सचिवांच्या खोलीतल्या एसीसाठी. त्याची एक तार माझ्या फ्रीझरपर्यंत आणा, एवढीच माझी मागणी. मी इंग्रजीत अर्ज लिहिला, की फेजचा संग्रह जतन करण्यासाठी सुट्टीत अखंड वीज मिळावी.

असा कोणताही अर्ज आला की त्याची मराठीत एका पानाची टिपणी करून संस्थेच्या सभेपुढे ठेवायचं काम बडे बाबूंचं, म्हणजे आमच्या हेडक्लार्कचं. सत्तावन्न वर्षांचे, किरकोळ अंगाचे, शाईचा पेन वापरणारे. त्यांचं अक्षर इतकं सुरेख, की दुसऱ्या संस्थांचे लोक त्यांच्याकडून मानपत्रं लिहून घ्यायला येत. कार्यालय अधीक्षकाची जागा मार्चपासून रिकामी होती. निवृत्तीआधी वर्षभर का होईना, ते त्या खुर्चीवर बसणार हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसासाठी त्यांच्या बायकोने शर्टाचं कापड आणून ठेवलं होतं हेही माहीत होतं, कारण ते स्वतःच सगळ्यांना सांगत. माझ्या लेखी ते म्हणजे माझ्या वडिलांचीच आवृत्ती, टेबलाच्या आतल्या बाजूची.

ते अर्ज घेऊन प्रयोगशाळेत आले तेव्हा मी ताटल्या ओतत होतो.

“सर, मी डिक्शनरी पाह्यली,” ते म्हणाले. “लायब्ररीतली मोठी. फेज म्हंजे टप्पा लिवलं हाय त्यात. मंग टप्पे जतन करायचे, हे कसं लिवू?”

त्यांनी ‘जी’च्या जागी ‘एस’ घालून, चुकीच्या स्पेलिंगने शब्द शोधला होता. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. मी पुढची ताटली ओतली.

“का टप्पा न्हाई? हा फेज म्हंजे लाईनीतलाच नं, सर?”

रसायनशास्त्राचे एक सहकारी दारात उभे होते. ते नसते तर मी कदाचित नीट उत्तर दिलं असतं. मी वर न पाहता म्हणालो, “हो, लाईनीतलाच. तुमच्या घरी येतो ना, तोच. आम्ही तो फ्रीझरमध्ये साठवून ठेवतो.”

सहकारी खुदकन हसले. बडे बाबूही थोडं हसले, आपल्यापेक्षा शिकलेली माणसं हसताहेत म्हणून हसतात तसं. “बरं झालं विचारलं,” ते म्हणाले. “नाही तं चुकलं असतं.” आणि गेले. मी त्या दिवशी तो विनोद आणखी दोघांना सांगितला.

टिपणी दुसऱ्या दिवशी सहीला आली. मराठीतले कार्यालयीन कागद मी वाचत नसे. ‘सदरहू’पासून ‘विनंती’पर्यंत मध्ये काय असतं ते आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे, असा माझा समज होता. सही केली. तीन दिवसांत मंजुरी आली. अकरा वर्षांत माझा एकही अर्ज तीन महिन्यांच्या आत हलला नव्हता. मला संशय यायला हवा होता. मला वाटलं, अखेर यांना आपली किंमत कळली. फ्रीझर बर्फाने भरून, गोधड्या गुंडाळून, दारावर ‘कोणीही हात लावू नये’ असं लाल अक्षरांत लिहून मी निघालो.

कार्यशाळेत मी एकशे एकव्यावर तास घेतला. संध्याकाळच्या चहाला बडे बाबूंचा किस्सा सांगितला, डिक्शनरी आणि टप्प्यासकट. तो तासापेक्षा जास्त रंगला.

परत आलो तेव्हा प्रयोगशाळेच्या दाराशीच वास आला. जमिनीवर पाणी वाळून त्याचा पांढरा डाग पडला होता. गोधड्या काढून झाकण उचललं. आत कोमट पाणी, त्यात तरंगणाऱ्या बाटल्या आणि सुटून आलेल्या चिठ्ठ्या. सोळा दिवस, वणीतल्या मे महिन्याचे, बंद खोलीत. मी चाचांना बोलावलं. त्यांनी कंप्रेसर पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं. “साब, मशीन तो अच्छी है,” ते म्हणाले. “लाइनच नही है.”

भिंतीवरचा जुना बोर्ड काढलेला होता. तारांची टोकं चिकटपट्टी गुंडाळून लोंबत होती. मी तसाच कार्यालयात गेलो आणि टिपणी मागितली. मोत्यांसारख्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतील जुन्या फेजची दुरुस्ती करून सदर फेज सुस्थितीत जतन करणेबाबत.’ खाली माझी सही. मी निघालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियन आला होता. त्याने जुन्या तारा काढल्या, नवीन केबल चंद्रपूरहून यायची होती, ती आली नाही, आणि तो एका लग्नाला निघून गेला.

“काम पुरं होयेपर्यंत लाईन बंद ठेवा लागते म्हने तो,” बडे बाबू म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा आवाज खाली आला होता. “मी म्हटलं, सरनच सांगितलं हाय फेजचं, तं करा. फ्रीझरले म्या हात नाही लावू देला कोनाले. तुमी लिवलं होतं नं.”

आठ दिवस मी एकेक बाटली ताटलीवर लावून पाहिली. फेज चिवट असतात. दोनशे सोळांतले नऊ जगले. एकशे एकवा त्यांत नव्हता. ताटली रोज सकाळी तशीच, सलग दुधाळ, कुठे एक भोक नाही. त्याचं क्लोन केलेलं जनुक ज्या जिवाणूंत होतं ते नासून गेले होते. मी ती ताटली पाच वेळा पुन्हा लावली आणि पाचव्या वेळी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्या कृषी शास्त्रज्ञाला दोन ओळींचं पत्र पाठवलं. तो एकर त्याने दुसऱ्या कोणाला दिला, अळीवाल्याला.

चौकशी मीच मागितली. ओरडून मागितली, प्राचार्यांच्या खोलीत, टेबलावर हात आपटून. एका अडाणी कारकुनाने अकरा वर्षांचं विज्ञान मारलं, असं मी म्हणालो. हे वाक्य मी रस्त्याने येताना जुळवलं होतं.

चौकशीला चौघं होतो, सचिव, प्राचार्य, मी आणि बडे बाबू. इतिवृत्त कोण लिहिणार असा प्रश्न आला. कार्यालयात ते येणारा दुसरा माणूस नव्हता. सचिव म्हणाले, “तुमीच लिवा बाबू, तुमच्याशिवाय कोन लिवते?” त्यांनी पेनाचं टोपण काढलं, समास सोडला, तारीख घातली आणि उपस्थितांच्या खाली, ज्यांची चौकशी करावयाची त्यांच्या रकान्यात, स्वतःचं नाव लिहिलं.

सचिवांनी टिपणी वाचली. “हे असं काहून लिवलं?”

“सरले विचारलं होतं जी मी. फेज म्हंजे लाईनीतलाच का म्हनून. सर म्हनले, हो.”

सचिव माझ्याकडे वळले. “म्हनले होते का तुमी?”

हो म्हणता आलं असतं. म्हणालो होतो, चेष्टेत म्हणालो होतो, असं. मग सचिव मोठ्याने हसले असते. त्यांच्या जिनिंगवर, कृषी केंद्रावर, प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ती गोष्ट पोचली असती, की फेजवाल्या सरांनी स्वतःच स्वतःचा फेज उडवला. ते मला जन्मभर पुरलं असतं. मला समोरच्या तिघांचा तिटकारा होता, आणि तरी त्याच तिघांनी आपल्याला हसू नये एवढंच मला हवं होतं.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

बडे बाबूंनी मान वर केली. वाक्य संपलं की अजून काही पुढे आहे, एवढंच पाहायला. मग त्यांनी ते लिहून घेतलं. मला स्वतःची किळस आली आणि तरीही मी तोंड उघडलं नाही. त्यांना लेखी ताकीद देण्यात आली. अधीक्षकाची जागा त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेल्या एकाला गेली, जो सचिवांचा भाचा होता. चौकशी झाली नसती तर ती त्याला देता आली नसती.

इतिवृत्ताची साफ प्रत घेऊन ते दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत आले. कागद माझ्यापुढे ठेवला. मी सवयीने पेन उचलला.

“अगुदर वाचून घ्या, सर,” ते म्हणाले. “मंग सही करा.”

आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता. ते बाजूला उभे राहिले आणि मी वाचायला लागलो. तीन पानं होती. दुसऱ्या पानावर, सरांना सदर शब्दाचा अर्थ विचारला असता त्यांनी काय सांगितले ते त्यांना आठवत नाही, असं माझं वाक्य होतं, माझ्यापेक्षा शुद्ध भाषेत. फेज हा शब्द सहा वेळा आला होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढे त्यांनी कंसात अर्थ लिहिला होता, ‘जिवाणूंना मारणारा विषाणू’. मी तो त्यांना कधी सांगितला नव्हता. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कुठेही चूक नव्हती. मी सही केली.